हेडबाईंचा कोपरा

आमच्या वस्तीतली बाग तशी लहानच. एक फेरी मारायला मला चार मिनिटं लागतात. पोस्टमास्तरांना सात लागतात, कारण ते वाटेत भेटेल त्याला थांबवून आपल्या गुडघ्याची बातमी देतात. पोस्टातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण काहीतरी पोचवल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही. फाटकासमोर शिंप्याचं दुकान. आत शिरलं की उजव्या हाताला झोके, डावीकडे पंपाची खोली, मध्ये हिरवळ, भोवती बाकं. आणि सगळ्यांत मागे, वॉर्ड ऑफिसच्या भिंतीला लागून, तो कोपरा. कोपऱ्याचं सांगायचंच आहे, पण आधी हेडबाई.

हेडबाई म्हणजे आमच्या बागेच्या माळीणबाई. पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, अंगात ऑफिसने दिलेला खाकी कोट. कोट दोन मापं मोठा आहे, म्हणून बाह्या दुमडलेल्या. शिंप्याने कितीदा सांगितलं, "द्या हो, आखूड करून देतो." तर म्हणतात, "नको, दुमडीत खिळे राहतात." आणि खरंच राहतात! दुमडीत खिळे, सुतळी, एखादं बी, एकदा तर शिंप्याचीच हरवलेली कात्री निघाली होती. गळ्यात शिट्टी. नाव ठेवलं पोस्टमास्तरांनी. ते एकदा बाकावर पाय वर घेऊन बसले होते, तर बागेच्या दुसऱ्या टोकाकडून शिट्टी वाजली. एवढ्या लांबून! पोस्टमास्तरांनी पाय खाली घेतले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "ही माळीण आहे का हेडबाई?" झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळी वस्ती हेडबाई म्हणू लागली. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हजेरी घ्यावी लागेल." आणि अजून घेतात. कोण दोन दिवस फिरायला आलं नाही ते त्यांना पाठ असतं.

माझी शाळा खेड्यातली. एक खोली, चार इयत्ता, एकच गुरुजी. ते एका इयत्तेला पाढे द्यायचे, दुसरीला शुद्धलेखन, आणि उरलेल्या दोघींना नुसती नजर. त्या नजरेनेच माझं निम्मं शिक्षण झालं. ती नजर मी पुन्हा बघितली ती थेट या बाईंच्या डोळ्यांत, वयाच्या सत्तरीत. मला तर बरं वाटलं. आपल्याला अजून कुणीतरी सुधारू बघतंय म्हणजे आपण अजून कामातून गेलो नाही.

त्यांची काम करायची रीतच वेगळी. आमच्या बागेत 'फुले तोडू नयेत' ही पाटी नाही. पूर्वी होती, तेव्हा एक फूल उरत नव्हतं. हेडबाईंनी आल्या आल्या पाटी उपटली आणि फाटकाजवळ जास्वंदीचं एक झुडूप लावलं. सगळ्यांना सांगितलं, "हे तोडायचं झुडूप. याचं काय वाटेल ते तोडा." गंमत बघा, तेव्हापासून बाकीच्या झाडांना कुणी हात लावत नाही. तोडणाऱ्याचा हात तिथंच भागतो. आणि ते झुडूप? ते आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. रोजची तोड त्याला मानवली.

किंवा तो झोका. तिसरा झोका कुरकुर करतो. मीच एकदा तेलाची बाटली घेऊन गेलो, तर शिट्टी! "आजोबा, त्याला तेल नको." म्हटलं, का हो, कानाला त्रास होतो. तर त्यांनी समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याची खिडकी दाखवली. तिथली बाई स्वयंपाकघरात काम करत असते आणि तिची पोरगी या झोक्यावर. आवाज येतोय तोवर पोरगी झोक्यावर आहे. थांबला की ती खिडकीतून डोकावते. हेडबाईंनी वरचे हूक नवे घातले, साखळी बदलली, पण कुरकुर तेवढी शिल्लक ठेवली. मी तेलाची बाटली कोटात लपवून घरी आणली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं परत आणलीत. घरातलं दार गेली सहा वर्षं ओरडतंय, तिकडे कधी वळली नाही ही बाटली."

तर आता कोपरा.

त्या कोपऱ्यात काही उगवत नसे. आधीच्या तीन माळ्यांनी प्रयत्न केले. एकाने गुलाब लावले, एकाने केळी, एकाने हात जोडले. उन्हाळ्यात लावलेलं करपायचं, पावसाळ्यात लावलेलं कुजायचं. ऑफिसात त्याचं नावच पडलं होतं 'मेलेला कोपरा.' आणि बागेत दुपारी सावली कुठे पडत असेल तर नेमकी तिथेच, वॉर्ड ऑफिसच्या तीनमजली भिंतीची.

बागखात्याचे साहेब तसे वाईट मनुष्य नाहीत. घाईत असतात, एवढंच. ते एक दिवस आले, टाचेने माती उकरली आणि म्हणाले, "इथे फरसबंदी करून ऑफिसच्या गाड्या लावू. मागचं कुंपण पाडून रस्ता काढला की झालं."

हेडबाई सहसा साहेबांपुढे बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "साहेब, मला दोन महिने द्या."

"काय करणार दोन महिन्यांत? मेलेली जमीन आहे ती."

"मेली असेल तर दोन महिन्यांनी पण मेलेलीच राहील. तुमचं काय जातंय?"

साहेब हसले. दोन महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहिली आणि गेले.

मी नंतर त्यांना विचारलं, "बाई, सगळी बाग हिरवीगार आहे. त्या एका तुकड्यासाठी साहेबांशी कशाला लागता?"

त्या खुरपं पुसत होत्या. म्हणाल्या, "आजोबा, इथे यायच्या आधी बारा वर्षं मी रस्ते झाडले. दुपारी तासभर सुट्टी. डबा घेऊन सावली शोधत फिरायचे. दुकानाच्या पायरीवर बसलं की दुकानदार उठवतो. या बागेच्या बाहेर तर कितीदा उभी राहिले. आत सगळी बाकं उन्हात, आणि सावली त्या कोपऱ्यात, तर तिथे नुसता धुरळा. उभ्याने जेवलेय मी. आता बघा ना, समोरच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बायका, दारावरचे राखणदार, सगळे दुपारी तसेच भटकतात. तिथे चार झुडपं आणि दोन बसायच्या जागा झाल्या तर..." त्यांची मान एकदम वळली. शिट्टी फुंकली. पोस्टमास्तरांनी पाय वर घेतले होते.

असा तो कोपरा त्यांच्या जिवाचा झाला. छाटणीच्या काड्यांपासून त्यांनी स्वतः रोपं केली होती. जास्वंद, तगर, कण्हेर. पंपाच्या खोलीमागे फुटक्या बादल्यांत वाढवलेली. त्यातली धट्टीकट्टी एकवीस निवडून कोपऱ्यात लावली. पाच आठवडे झाले, रोपं जगली. वाढली नाहीत फारशी, पण जगली. आम्ही फेरी मारताना तिथे थांबून पानं मोजायला लागलो.

आणि नेमका तेव्हा परगावाहून त्यांच्या जावयाचा फोन आला. मुलीचे दिवस भरत आलेत, आई पाहिजे. हेडबाईंना बारा दिवसांची रजा घेणं भाग होतं. बदली माळी पंधरा बागांत मिळून एक, तो कोपऱ्याकडे बघतो कशाला!

त्यांनी मला बाजूला बोलावलं. पंपाच्या खोलीत नेलं, दार लोटलं. मला वाटलं माझं काही चुकलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही खेड्यातले. मातीचं तुम्हाला कळतं. मंगळवार तुमचा. प्रत्येक रोपाला एक तांब्या पाणी, सकाळी, जास्त नाही. बाकीच्या चार जणांना चार वार दिलेत. शनिवार-रविवार मातीला सुट्टी." मग आवाज उतरवून, "पण लक्ष ठेवा हं. बाकीचे विसरतील."

काय सांगू! छाती फुगली माझी. चौथीत मी एकदा मॉनिटर झालो होतो, तेव्हाही इतका फुगलो नव्हतो.

बाकीचे चौघे म्हणजे कोण? सोमवार पोस्टमास्तरांचा, ज्यांना स्वतःचा चष्मा डोक्यावर आहे हे दुपारपर्यंत आठवत नाही. बुधवार शिंप्याचा. गुरुवार नर्सबाईंचा; त्या चाळीस वर्षं दवाखान्यात काम करून निवृत्त झालेल्या, अजूनही बोलताना समोरच्याची नाडी धरतात. आणि शुक्रवार ओव्हरसिअरसाहेबांचा. त्यांनी उभ्या हयातीत पूल बांधले, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते आधी पाया विचारतात.

मंगळवारी मी पहाटेच गेलो. एकवीस तांबे मोजून घातले. बुधवारी सहज म्हणून चक्कर मारली, तर माती वरून खडखडीत! शिंप्याच्या दुकानात मशीन धडधडत होतं. म्हटलं, गेला बुधवार वाया. शिंपी कपडेच दिलेल्या वारी देत नाही, तर पाणी काय देणार? घातले मीच एकवीस तांबे. गुरुवारी पुन्हा तेच. वरून माती भुरकट. नर्सबाई तशा वक्तशीर, पण वय झालं बिचारीचं, असं म्हणून मी (त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत) पुन्हा तांब्या उचलला.

घरी सौभाग्यवतींनी विचारलं, "रोज तांब्या घेऊन कुठे?"

"बाईंनी विश्वासाने काम दिलंय."

"त्यांना तुमची ओळख नाही वाटतं अजून."

मी तांब्या उचलून बाहेर पडलो. लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर माणूस कुठे बोलायचं ते शिकतो.

आठवडा गेला आणि पानं पिवळी पडायला लागली. तहान, दुसरं काय! या चौघांनी माझ्यावर सगळा भार टाकलाय, एकट्याचं पाणी पुरत नाहीये. संध्याकाळीही एक खेप सुरू केली.

बाकावर आम्ही पाचही जण बसायचो, पण कोपऱ्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

"काय मग, तिकडे चक्कर?" एकदा मी पोस्टमास्तरांना खडा टाकून बघितला.

"मी कशाला जाऊ? माझा सोमवार," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "तुमची चप्पल ओली दिसते?"

"दव पडतं हल्ली."

"भर दुपारी?"

"तुमचीही ओलीच आहे."

"मला घाम फार येतो," पोस्टमास्तर म्हणाले. पायाला!

नवव्या दिवशी संध्याकाळी मी तांब्याऐवजी बादली घेऊन गेलो. कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि चप्पल आतच राहिली. पाय वर आला, चप्पल नाही! चिखल कसला, डबकं झालं होतं. एका पायावर उभा राहून मी मान वर केली तर समोर नर्सबाई, हातात झारी. त्यांच्या मागून ओव्हरसिअरसाहेब पाण्याची नळी ओढत येत होते. भिंतीच्या कडेने पोस्टमास्तर चालले होते, पोटाशी काहीतरी धरून. ती किटली होती, चहाची. आणि शिंपी दुकान अर्धं बंद करून, गळ्यात टेप तसाच, डबा भरून घेऊन आलेला.

पोस्टमास्तरांनी किटली पाठीमागे लपवली.

"आज वार कुणाचा?" नर्सबाईंनी विचारलं.

मंगळवार होता. माझाच. मी म्हटलं, "माझा. तुम्ही काय करताय?"

"तुम्ही विसरता म्हणून!" चौघे एकदम बोलले.

"मी विसरतो? मी रोज घालतोय! दिवसातून दोनदा!"

"रोज तर मी घालतोय," शिंपी म्हणाला. "जेवायच्या सुट्टीत."

"आणि मी पहाटे," ओव्हरसिअर म्हणाले.

पोस्टमास्तरांनी किटली खाली ठेवली. "मला बाईंनी खास बोलावून सांगितलं होतं. लक्ष ठेवा, बाकीचे विसरतील."

मग कळलं. हे वाक्य पाचही जणांना सांगितलेलं, प्रत्येकाला वेगळं, पंपाच्या खोलीत दार लोटून.

रोपांकडे बघवत नव्हतं. पाच माणसांनी त्यांची इतकी काळजी घेतली होती की त्यांना श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. नर्सबाई नाडी बघावी तसं एकेक पान धरून बघत होत्या. पाच-सहा रोपं तर गेलेलीच. आणि साहेब यायला अकरा दिवस उरले होते. फोन करायचा का? कोण करणार? बाळंतिणीच्या घरात असली बातमी? पोस्टमास्तरसुद्धा ही बातमी पोचवायला तयार झाले नाहीत.

शनिवारी सकाळी हेडबाई आल्या. चेहरा आनंदाने फुललेला, नात झाली होती. आम्ही कोपऱ्याजवळ ओळीने उभे, माना खाली. त्यांनी आमच्याकडे बघितलं, रोपांकडे बघितलं, आणि चेहरा उतरला. खाली बसल्या. मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. ही त्यांची रीत. वरून माती कशी दिसते यावर त्या कधी जात नाहीत, आणि आम्ही पाचही शहाणे नेमके त्यावरच गेलो होतो. बोट नाकाशी नेलं. आंबूस वास मला उभ्यानेच येत होता.

"किती घातलंत?" त्यांनी माझ्यापासून सुरुवात केली.

"दोनदा. रोज."

"तुम्ही?"

एकेकाने सांगितलं. पोस्टमास्तर म्हणाले, "माझ्या किटल्या होत्या. लहान."

त्या उलट्या बादलीवर बसल्या आणि त्यांनी आम्हा पाचही जणांवरून एकेक करून नजर फिरवली. ती नजर मला आजही नको वाटते. छडी परवडली. मग म्हणाल्या, "चूक माझी. वर्गात मॉनिटर एक असतो, मी पाच केले." आणि आम्हाला हायसं वाटतंय तोवर पुढे म्हणाल्या, "पण एक सांगा. एवढं पाणी तुम्ही ओतलंत. ते गेलं कुठं?"

"गेलंच नाही," ओव्हरसिअर म्हणाले. "इथेच आहे."

"का नाही गेलं?"

ओव्हरसिअरांनी चष्मा पुसला. "बाई, म्हणजे खाली पाया आहे!"

कुदळ आणली. कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणलं आणि ठण्ण! दगड. दोन हात पलीकडे खणलं, पुन्हा ठण्ण. शिंपी एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अहो, इथे ऑफिसचं गोदाम होतं! माझे वडील सांगायचे. पाडलं, त्यावर गाडीभर माती टाकली आणि कुंपण फिरवून बाग केली. गोदामाची फरशी तशीच ठेवलेली दिसते खाली."

म्हणजे बघा, तीन माळ्यांना जे कळलं नाही ते आमच्या मूर्खपणाने उघडं केलं. उन्हात तो दगड तव्यासारखा तापायचा, पावसात थाळीसारखा भरायचा. जमीन मेलेली नव्हती, जमीन तिथे नव्हतीच!

पोस्टमास्तर उत्साहाने म्हणाले, "चला, साहेबांना कळवू. यंत्र पाठवून फोडतील."

"नका," हेडबाई म्हणाल्या. "फोडतील कशाला? म्हणतील, आयती फरशी आहे, माती काढा आणि गाड्या लावा."

हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

उरला आठवडा. ओव्हरसिअरांनी काठीने ठोकून ठोकून सांधे शोधले. फरशी ओतीव नव्हती, मोठ्या दगडी लाद्या एकीला एक लावून बसवलेल्या होत्या. त्यांनी सुतळीने खुणा केल्या. रोपं हलक्या हाताने उपटून फुटक्या बादल्यांत परत गेली, नर्सबाईंच्या देखरेखीखाली. सडलेली मुळं त्यांनी शिंप्याच्या कात्रीने कापली. शिंपी 'अहो ती कापडाची आहे' म्हणत राहिला. पण लाद्या उचलणार कोण? आमची पाच जणांची मिळून साडेतीनशे वर्षं होतात.

दुपारी हेडबाई फाटकाबाहेर गेल्या आणि उभ्याने डबा खाणाऱ्यांना घेऊन आल्या. दोन राखणदार, धुणीभांडी करणाऱ्या चार बायका, एक रस्ता झाडणारा. कोपरा दाखवला. एवढंच म्हणाल्या, "हे झालं तर तुम्हाला बसायला आहे." रोज दुपारी अर्धा तास पहार चालू लागली. पहिल्या दिवशी लादी उचकटली, पण हलेना. तेव्हा मी पुढे झालो. खेड्यात आम्ही विहिरीचे दगड कसे हलवायचो? पंपाच्या खोलीतले पाइपाचे तुकडे आणले, लादीखाली सरकवले आणि म्हटलं, "आता ढकला." लादी अशी घरंगळत निघाली की झाडणाऱ्याने तोंडात बोट घातलं. "आजोबा, हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "शाळा बुडवून." बाईंनी नजर दिली. पण शिट्टी वाजवली नाही.

सहा दिवसांत सव्वीस लाद्या निघाल्या. खाली तांबूस, भुसभुशीत, इतकी वर्षं कुणी न बघितलेली माती. बाईंनी मूठभर घेऊन दाबून बघितली आणि हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. एकवीसपैकी बारा रोपं वाचली होती. ती लावली. लाद्या एकावर एक रचून भिंतीलगत दोन लांब बैठका केल्या, मजबूत. ओव्हरसिअरांनी पाणसळ लावून तपासल्या, पूल असल्यासारख्या.

साहेब आले ते नेमके दुपारी. आम्ही पाच जण बाकावर, पाय खाली. साहेब आधी झोक्याजवळ थांबले. "हा कुरकुरतोय, बाई."

"हो साहेब. तो कामावर आहे."

साहेबांनी काही विचारायला तोंड उघडलं, पण घाई होती. कोपऱ्यापाशी मात्र ते उभे राहिले. बारा लहान रोपं, तीही नुकतीच आजारातून उठल्यासारखी. बैठकांवर सात-आठ माणसं डबे उघडून बसलेली, सावलीत.

"हे दगड कुठून आले?"

"खालून. गोदामाची फरशी होती."

"विचारलंत कुणाला?"

"रोपं लावायची परवानगी तुम्हीच दिली होती, साहेब. रोपाला खाली जागा लागते."

साहेबांनी टाचेने माती उकरली. "पण ही रोपं किती लहान आहेत! जमीन मेलेलीच असली तर?"

"पाणी घालून बघा," हेडबाई म्हणाल्या आणि झारी पुढे केली.

"नको!" आम्ही पाचही जण बाकावरून उठून ओरडलो.

साहेब दचकले. राखणदाराच्या हातातला घास खाली पडला. हेडबाईंनी आमच्याकडे नुसतं बघितलं. आम्ही बसलो. साहेबांनी झारीतलं पाणी रोपं सोडून मोकळ्या जागेत ओतलं. क्षणभर ते वर थबकलं, आणि मग मातीने ते पिऊन टाकलं. साहेब वाकून बघत राहिले. त्यांनीही, मला वाटतं, इतक्या वर्षांत पाणी मुरताना बघितलं नव्हतं. धुणीभांडी करणाऱ्या एका बाईने सरकून जागा केली. "बसा ना साहेब, उभे का?" साहेब कधी नाही ते बसले. दोन मिनिटं. भिंतीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, वही काढून चार ओळी लिहिल्या आणि कागद बाईंच्या हातात दिला.

वाचायचा त्यांना धीर होईना. माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचला, गुरुजींपुढे वाचायचो तसा. "कोपऱ्यात झुडपांची लागवड व बैठक व्यवस्था आढळली. सदर जागा बागेतच ठेवावी. गाड्यांसाठी ऑफिसच्या पुढच्या आवारात सोय करावी." आणि शेवटची ओळ, "पाण्याची व्यवस्था उत्तम."

हेडबाईंना आधी कळेना सगळे का हसतायत. मग त्याच इतक्या हसल्या की कोटाच्या दुमडीतून खिळे सांडले.

आता वार पाचांचेच आहेत, पण झारी एकच, आणि ती पंपाच्या खोलीत खिळ्याला. पाणी घातलं की झारी उलटी टांगायची. उलटी दिसली तर हात लावायचा नाही, मग कुणाच्या कितीही मनात येवो. आणि आधी बोट, दुसऱ्या पेरापर्यंत. आज सकाळी निघताना सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, "बोट घाला हो आधी." दार नेहमीसारखं ओरडलं. त्याला तेल द्यायचं राहिलंच आहे. म्हटलं, राहू दे. मी घरी आलो की त्यांना कळतं.

दुपारी मुद्दाम तिकडे गेलो होतो. बैठकीवर दाटी होती. एका टोकाला हेडबाई बसल्या होत्या, मांडीवर डबा उघडलेला, पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब सोडलेले. नातीचा फोटो शेजारणीला दाखवत होत्या. पहिला घास हातात होता. तेवढ्यात पोस्टमास्तर पंपाच्या खोलीकडे हळूहळू वळले. बाईंनी घास तसाच धरला, मान वळवली नाही, आणि डाव्या हाताने शिट्टी तोंडात घातली.